खिडकी काढण्याआधी

जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचं ठरलं, की धर्माच्या बाजूने आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात : दिवस कोणता चांगला, आणि वास्तुशास्त्राप्रमाणे खिडकी कुठल्या दिशेला हवी. बाकीचं सगळं, म्हणजे कपाटं भिंतीपासून ओढणं, पडदे उतरवणं, धुळीचा बंदोबस्त, शेजाऱ्यांना आधी सांगणं, राडारोडा कुठे जाणार ते ठरवणं, हे व्यवहाराच्या खात्यात जातं. मुहूर्ताला माझा विरोध नाही. पण ही वाटणी मला चुकीची वाटते. खिडकी बदलण्याच्या कामात धर्माचा म्हणून जो भाग आहे तो मुख्यतः या तयारीतच आहे, आणि आपल्या परंपरांनी तो पुरेसा स्पष्ट सांगूनही ठेवला आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस कर्माची लक्षणं येतात. तामस कर्म कोणतं, तर परिणाम, नुकसान, हिंसा आणि स्वतःची कुवत यांपैकी कशाचाच विचार न करता मोहाने आरंभलेलं. या व्याख्येत कामाचं नावच नाही. काम मोठं की क्षुल्लक, देवळातलं की घरातलं, याला तिथे महत्त्व नाही. हात घालण्यापूर्वी काय पाहिलं गेलं नाही, एवढ्यावर निवाडा आहे. हे चार निकष खिडकीला लावून पाहावेत. जुन्या वाड्यात किंवा चाळीत खिडकीवरच्या विटांचा भार पुष्कळदा थेट लाकडी चौकटीवर आलेला असतो. टेकू न देता चौकट हलवली तर वरचं बांधकाम खाली येऊ शकतं. हा झाला परिणामांचा आणि नुकसानाचा विचार. कुवतीचा विचार म्हणजे संध्याकाळपर्यंत जितक्या खिडक्या बसवून बंद करता येतील तितक्याच सकाळी काढणं, आणि जूनच्या तोंडावर सगळं घर उघडं न टाकणं. हिंसेचा विचार मात्र जास्त खोल जातो, कारण ती इथे दिसत नाही. जुन्या लाकडावर रंगाचे थरावर थर चढलेले असतात. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती आहे ते नुसतं पाहून कळत नाही. असा रंग कोरडाच पॉलिश पेपरने घासला की त्याची बारीक धूळ जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या तळहाताला लागते आणि तिथून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण ठाऊक नाही. म्हणून लाकूड ओलं करून रंग खरवडणं, दार प्लास्टिकने बंद करणं, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवणं, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घेणं, ही सगळी माझ्या मते अहिंसेच्या व्रताचीच अंगं आहेत.

यावर पहिला आक्षेप हेतूचा. कुणाला इजा व्हावी असं घरमालकाच्या मनात कधीच नसतं. मग मन स्वच्छ असताना चुकून काही झालं तर त्याचा दोष कसा? याचं सर्वांत तर्कशुद्ध उत्तर मला जैन परंपरेत सापडतं. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीच्या आधी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा शब्द ठेवला आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात : जीव मरो वा जगो, जो जपून वागत नाही त्याच्याकडून हिंसा झालेलीच आहे, आणि जो जपून वागतो त्याला केवळ घडून गेलेल्या हिंसेने कर्मबंध होत नाही. हा विचार दोन्ही बाजूंनी कापतो. चौथ्या मजल्यावरून निसटलेली काच खाली कुणाला लागली नाही म्हणून रस्ता न अडवणारा निर्दोष ठरत नाही. आणि सगळी काळजी घेऊनही अपघात झाला तर तो माणूस गुन्हेगार ठरत नाही. नशिबाने टळलेल्या आणि नशिबाने घडलेल्या अपघाताला नैतिक हिशेबात सारखं कसं धरायचं, हा प्रश्न पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनीही गेल्या शतकात बराच चर्चिला. कुंदकुंदांनी तो सावधपणाच्या कसोटीवर आणून सोडवला होता. जैन साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींमध्ये, म्हणजे सावध वर्तनाच्या नियमांमध्ये, वस्तू पाहून उचलणं-ठेवणं ही एक स्वतंत्र समिती आहे आणि टाकाऊ गोष्टींचं विसर्जन जपून करणं ही दुसरी. ज्ञानेश्वरांनीही तेराव्या अध्यायात अहिंसा समजावताना साधं पाऊल कसं टाकावं यावर ओव्यांमागून ओव्या खर्चल्या आहेत. शुद्ध मन या मंडळींना आत लपलेली वस्तू वाटत नव्हती. हातापायांच्या हालचालीत ते दिसायला हवं होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एवढं सगळं पाहत बसलं तर माणसाने घर दुरुस्तच करू नये. श्वास घेण्यातही जीव मरतात. हा आक्षेप परंपरेने टाळलेला नाही. मनुस्मृती गृहस्थाच्या घरात हिंसेच्या पाच जागा सांगते : चूल, जातं, झाडू, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. संसार निर्दोष चालणार नाही हे तिथे मान्यच आहे. गीताही म्हणते, की प्रत्येक आरंभाला दोषाने वेढलेलं आहे, म्हणून आपलं काम सोडू नये. मात्र ‘दोष अटळ आहे’ आणि ‘सगळेच दोष सारखे आहेत’ या दोन विधानांत अंतर आहे. वराहमिहिराची बृहत्संहिता इथे मला फार मोलाची वाटते. मूर्तीसाठी झाड तोडायचं तर आदल्या रात्री तिथे पूजा आणि बळी अर्पण करून झाडावर राहणाऱ्या भुतांना दुसरीकडे वस्ती करण्याची विनंती करावी, असं त्यात आहे. आणि पलंग-आसनांच्या प्रकरणात पक्ष्यांची घरटी किंवा मधमाश्यांचं पोळं असलेलं झाड वर्ज्य मानलं आहे. झाड तोडूच नका, असं वराहमिहिर म्हणत नाही. तिथे आधीपासून कुणी राहतं का ते बघा, आणि राहत असेल तर त्याला वेळ द्या, असं तो म्हणतो. भुतांवर विश्वास असो वा नसो, ही रीत तशीच्या तशी उचलता येते. चौकटीच्या पोकळीत चिमणीने अंडी घातली असतील तर पिल्लं उडून जायला साधारण महिना लागतो. बाकीच्या खिडक्या आधी करून ती एक शेवटी ठेवली तर काम अडत नाही. शेजारी रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कुणी असेल, कुणाची परीक्षा असेल, तर ठोकाठोकीच्या वेळा आठवडाभर आधी कळवल्याने खर्च वाढत नाही. सावधपणाला अंत नाही हे खरं. त्याची पहिली पन्नास पावलं मात्र स्वस्त आहेत, आणि बहुतेक नुकसान त्या पन्नासांच्या आतच होतं.

तिसरी पळवाट आजच्या शहरात सर्वांत जास्त वापरली जाते. काम ठेकेदाराला दिलं, पैसे मोजले. आता कारागीर कसा चढतो, कशावर उभा राहतो, ही त्याची जबाबदारी. छज्ज्यावर पाय टेकून, कमरेला दोर नसताना, बाहेरून चौकट ठोकणारा माणूस आपल्या शहरांत नवा नाही. कायद्याने ठेकेदार जबाबदार आहेच, आणि असायला हवा. पण पतंजलींच्या योगसूत्रांत आणि तत्त्वार्थसूत्रात हिंसेची विभागणी स्वच्छ आहे : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती संमती दिलेली. तिन्ही कर्त्याच्या खात्यात मोडतात. ठेका दिल्याने कर्तेपण दुसऱ्याकडे जातं, ही समजूत या दोन्ही ग्रंथांत बसत नाही. एखादा दर इतरांहून बराच कमी आला असेल तर तो परांचीशिवाय (म्हणजे उंचीवर उभं राहायला बांधलेल्या पहाडाशिवाय), सेफ्टी बेल्टशिवाय, काचेच्या जाड हातमोज्यांशिवाय काम उरकण्यातून कमी झाला आहे का, हे विचारणं घरमालकाचं काम आहे. परांची आणि बेल्ट यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून मागावा; तो वगळून भाव करू नये. निघालेल्या विटा-चुन्याचा ढीग काचांपासून वेगळा ठेवून घ्यावा, म्हणजे तो उचलणाऱ्या सफाई कामगाराचा हात कापणार नाही. बांधकामाचा कचरा वेगळा ठेवण्याचा नियमही २०१६पासून आहेच. एवढं ठरलं की मग पंचांग उघडून दिवस पाहायला हरकत नाही. फक्त त्या दिवशी वारा आणि पाऊस कसा असेल, हेही त्याच बैठकीत पाहावं.