गरिबाचे छायाचित्र काढावे काय?

पूर्वी छायाचित्र काढविणे हे सधनांचे काम होते. आता ते यंत्र मोबाइलच्या रूपाने खेड्यातील उपदेशकाच्याही खिशात आले आहे. कोठे धान्य वाटले, कोठे कांबळी दिली, की देणारा व घेणारा यांस शेजारी उभे करून चित्र घेतले जाते. यास्तव दारिद्र्याचे चित्र काढणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे.

चित्राने हित होते, यास पुरावा आहे. डेन्मार्क देशातून अमेरिकेस गेलेला जेकब रीस नामक बातमीदार न्यूयॉर्क शहरातील कोंदट चाळींत रात्री शिरून, क्षणभर प्रकाश पाडून चित्रे घेत असे. त्याचा ग्रंथ १८९० साली निघाला, आणि सुखवस्तू लोकांस आपल्याच शहराची दुसरी बाजू दिसली. पुढे १९०१ साली तेथे चाळींसंबंधी कायदा होऊन नव्या घरांस उजेड व वारा मिळणे आवश्यक ठरले; त्या चळवळीस या चित्रांचे साहाय्य झाले. परंतु झोपेतून दचकून उठलेल्या त्या माणसांस, तुमचे चित्र घेऊ काय, असे पुष्कळदा कोणी विचारले नव्हते, हेही विसरता येत नाही.

२०१६ साली जॉनी मिलर याने दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे ड्रोन नामक उडते यंत्र आकाशात सोडून, एकाच चौकटीत श्रीमंतांच्या बागा व गरिबांची पत्र्याची घरे दाखविली. पुढे त्याने मुंबईचीही अशी चित्रे घेतली. यांत कोणाचा चेहरा दिसत नाही, म्हणून कोणाची मानहानीही होत नाही. मात्र इतक्या उंचीवरून माणूसही दिसत नाही.

आपल्या ठाणे जिल्ह्यात असे चित्र घेण्यास दूर जावे लागत नाही. घोडबंदर रस्त्यालगत गगनचुंबी इमारती आहेत, आणि जवळच येऊरच्या डोंगरात आदिवासींचे पाडे आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावर, जेथे भातशेती होती, तेथे मोठी गृहसंकुले उभी राहिली आहेत. चित्र या दोहोंस शेजारी शेजारी दाखवील. पण त्यांचा संबंध काय, हे सांगणार नाही. झोपडीतील बाई रोज सकाळी त्याच इमारतीत भांडी घासावयास जाते, हे आकाशातून कसे दिसावे? शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा यांचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट पाहतात. धरणाचे चित्र सुंदर येईल, रिकाम्या हंड्याचेही येईल. परंतु त्या दोहोंमधील नळ दाखविल्यावाचून सत्य अर्धेच राहील.

कोणी म्हणतील, तर मग चित्रच काढू नये. हे आम्हांस मान्य नाही. झाकलेले दुःख गरिबाच्या उपयोगी पडत नाही. ते केवळ सुखी माणसाची झोप राखते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये दीर्घकाळ वावरून त्यांचे जीवन चित्रांतून जगापुढे मांडले. २०१६ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतील माणूस दयेचा विषय नसून काम करणारा माणूस आहे. तेव्हा दोष यंत्राचा नसून धरणाऱ्याच्या मनाचा आहे.

त्या मनाची परीक्षा सोपी आहे. ज्याचे चित्र घेतले, त्याच्याच ओट्यावर बसून ते त्यास दाखविण्याची आपली छाती होईल काय? आणि ‘हे कोणास दाखवू नका’ असे तो म्हणाला, तर आपण ते पुसून टाकू काय? कांबळे घेणाऱ्या म्हातारीस नाही म्हणण्याची सोय नसते. कारण कांबळे आपल्या हातात असते. अशा वेळी घेतलेली संमती ही संमती नव्हे. म्हणून दान देताना चित्र न घेणेच बरे.

शेवटी, नुसत्या पाहण्याने माणूस पालटतो असेही नाही. शुभवर्तमानातील श्रीमंतास लाजर ठाऊक नव्हता काय? मरणानंतर तो त्याचे नाव घेऊन बोलतो. म्हणजे दारातला माणूस त्याने पाहिला होता, ओळखलाही होता. उठून दार मात्र उघडले नव्हते. चित्र आपणांस दारापर्यंत नेईल. पुढचे पाऊल आपले आपणच टाकावयाचे आहे.