घड्याळाची चाकरी की वेळेची अमानत?



पवित्र कुरआनातील ‘अल्-अस्र’ ही सूरह अवघ्या तीन आयतींची आहे. आपल्या घरांतील लहान मुलांनाही ती मुखोद्गत असते. तिच्या प्रारंभी अल्लाह काळाची शपथ घेतो आणि लगेच मनुष्य तोट्यात असल्याचे सांगतो. ईमान, सत्कर्म, सत्याचा व धैर्याचा परस्परांना उपदेश करणारेच त्यातून वाचतात. व्यापाऱ्याचा तोटा वहीत दिसतो, शेतकऱ्याचा कापसाच्या वजनात दिसतो. वेळेचा तोटा मात्र कोणत्याही काट्यावर चढत नाही. म्हणूनच तो सर्वांत मोठा असतो आणि सर्वांत उशिरा कळतो.

हा तोटा रोखण्यासाठी आज एक साधी रीत अनेक जण वापरतात. एक काम निवडायचे, त्यापुरता टायमर लावायचा आणि घंटी वाजेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थाने विद्यार्थिदशेत, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ घेऊन अभ्यास सुरू केला. पंचवीस मिनिटे काम व पाच मिनिटे विश्रांती, ही त्याची पद्धत पुढे जगभर पसरली. इटालियन भाषेत टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात. तेच या पद्धतीचे नाव झाले. दहावी-बारावीची मुले, संगणकावर काम करणारे तरुण, घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांना ती उपयोगी पडू शकते. परंतु आपल्यापुढील प्रश्न केवळ उपयोगाचा नाही. अशा रीतीने मिनिटे मोजणे ही दीनदृष्ट्या चांगली गोष्ट आहे, की अल्लाहच्या बंद्याने घड्याळाची चाकरी पत्करणे आहे?

प्रथम हे पाहू की कामाची वेळ असते कोणाची. इस्लामी फिक्हमध्ये मजुरीवर काम करणाऱ्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. ‘अजीर-ए-खास’ म्हणजे ज्याने आपली वेळ मालकाला दिली तो. ‘अजीर-ए-मुश्तरक’ म्हणजे ज्याने ठरलेले काम करून द्यायचे तो. आपल्या वर्धा जिल्ह्यातील शेतमजुरीत हा भेद सहज दिसतो. निंदणाला माणूस रोजाने जातो, कापसाची वेचणी किलोवर होते. शिंपी उक्ते काम घेतो. त्याने दुपारी तासभर आराम केला तरी कपडा वायद्याला दिला म्हणजे त्याची जबाबदारी पूर्ण होते. पगारी नोकराचे तसे नाही. त्याची ठरलेली वेळ ही त्याच्याकडे असलेली दुसऱ्याची अमानत आहे. फर्ज नमाजची वेळ या करारातून मोकळी आहे. पण मालकाच्या परवानगीविना कामाच्या वेळेत नफल नमाज पढत बसू नये, असे फकीह सांगतात. वाचकहो, जेथे नफल इबादतीलाही मुभा नाही, तेथे मोबाईलवरील चित्रफितींना ती कोठून मिळणार? आपल्या ताटातील घास पूर्ण हलाल आहे काय, हा प्रश्न केवळ व्याज आणि लाच यांच्यापाशी संपत नाही. तो कामाच्या टेबलापर्यंत येतो.

दुसरी गोष्ट मनाची. सूरह अल्-अहजाबमध्ये (३३:४) अल्लाहने कोणाही पुरुषाच्या छातीत दोन हृदये ठेवलेली नाहीत, असा आशय येतो. मूळ संदर्भ नातेसंबंधांच्या आदेशांचा आहे. तरी मनुष्यस्वभावाचे एक सत्य त्यात आहेच. सही बुखारीतील एक प्रसंग याच संदर्भात विचार करण्यासारखा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा नक्षीदार चादर पांघरून नमाज अदा केली. नक्षीकडे लक्ष गेले. नमाज संपताच त्यांनी ती चादर ह. अबू जहम (रजि.) यांच्याकडे पाठवून दिली आणि त्यांच्याकडची साधी चादर मागवली. चादर हराम नव्हती, महागडी आहे अशीही तक्रार नव्हती. ती लक्ष वेधत होती, एवढेच कारण पुरेसे ठरले. आपल्या हातातील मोबाईल ही आजची नक्षीदार चादर आहे. काम करताना तो दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि टायमरसाठी साधे गजराचे घड्याळ वापरावे, हे या प्रसंगाच्या जवळ जाणारे आचरण होय.

तिसरी गोष्ट, वेळेला सीमा घालणे आपल्याला परके नाही. नमाज ठरावीक वेळेतच फर्ज आहे, हे कुरआनने (४:१०३) स्पष्ट केले आहे. प्रत्येक नमाजच्या वेळेला आरंभ आहे तसा शेवटही आहे. या वेळा अचूक काढण्यासाठी मोठ्या मशिदींत ‘मुवक्कित’ नेमले जात. चौदाव्या शतकातील थोर खगोलशास्त्रज्ञ इब्न अल्-शातिर हे दमिश्कच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित होते. त्यांनी १३७१ मध्ये तेथील मिनारासाठी सूर्यघड्याळ तयार केले. घड्याळ तेव्हा इबादतीचे सेवक होते.

आता आक्षेपाकडे वळू. मिनिटांचा हा हिशेब माणसाला यंत्र करीत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच वर्ध्याचा इतिहास साह्याला येतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नव्या योजनेचा अभ्यासक्रम आखण्याचे काम जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे सोपवले गेले. हेच पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. समितीने दिवसाचे साडेपाच तास मिनिटांत वाटले: मूळ हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणिताला ४०, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३०, व्यायामाला १० आणि विश्रांतीला १० मिनिटे. विश्रांतीही लिहून ठेवली, हे ध्यानात घ्या. ती कामातून चोरलेली वेळ नव्हती, तिचा हक्क होता.

परंतु इतके काटेकोर वेळापत्रक देणाऱ्या याच विद्वानाने त्या परिषदेत एक इशाराही दिला होता. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागवण्यावर अति भर दिला, तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमाचे शोषण करू लागतील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. म्हणजे वेळ मोजणे एक गोष्ट; माणसाला पिळून काढणे दुसरी. मोजमाप मुलासाठी आहे, मूल मोजमापासाठी नाही. ज्या मालकाने हे मोजमाप नोकराच्या श्वासांवर बसवले आणि ज्या पालकाने ते मुलाच्या झोपेवर बसवले, दोघांनीही हा भेद विसरला.

याहून सुंदर कसोटी सुन्नतमध्ये आहे. प्रेषित (स.) नमाज दीर्घ करण्याच्या इराद्याने उभे राहत, मागे एखाद्या बाळाचे रडणे ऐकू आले की आईच्या जिवाची घालमेल ओळखून ती संक्षिप्त करीत. अल्लाहपुढे उभे असतानाही ज्या रडण्याला स्थान मिळाले, त्याला आपल्या पंचवीस मिनिटांत स्थान नसावे काय? वृद्ध पित्याने पाणी मागितले, दारात गरजू आला, तर टायमर थांबवावा. तो थांबवता येतो, यातच तो आपला सेवक असल्याची खूण आहे. ह. सलमान फारसी (रजि.) यांनी ह. अबू दरदा (रजि.) यांना हेच समजावले होते की पालनकर्त्याचा, स्वतःच्या देहाचा आणि घरच्यांचा तुमच्यावर हक्क आहे, प्रत्येकाला त्याचा हक्क द्या. प्रेषितांनी (स.) या बोलण्याला सत्य म्हटले.

तेव्हा वाचकहो, टायमर लावण्यापूर्वी नियत करा की हे काम मी कोणासाठी व का करीत आहे. बिस्मिल्लाह म्हणून एकच काम हाती घ्या. घंटी वाजली की उठा. डोळ्यांना, पाठीला त्यांचा हक्क द्या. अजान झाली की घंटीची वाट पाहू नका. थोडे पण नित्य केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही हदीस लक्षात ठेवून दोन वेळांपासून प्रारंभ करा. आणि इशानंतर क्षणभर स्वतःचा मुहासबा करा. त्यात किती मिनिटे भरली एवढेच विचारू नका. ती कोणाच्या कामी आली, हेही विचारा. कारण कयामतच्या दिवशी आयुष्य कशात घालवले हा प्रश्न प्रत्येकाला विचारला जाणार आहे, आणि त्या दिवशी ही घंटी पुन्हा लावता येणार नाही.

अल्लाह आपल्या वेळेत बरकत देवो, आपली रोजी हलाल राखो आणि वेळेची ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.