फोटो कुणाचा, हक कुणाचा?

नगरच्या पूर्वेला डोंगरावर उभी असलेली जी इमारत चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाते, ती चांदबीबीची नाही. निजामशाहीतील मंत्री सलाबतखान (दुसरा) याचा तो मकबरा आहे. लोकांनी एक नाव दिले, ते रुजले आणि खऱ्या धन्याचे नाव मागे पडले. याच इमारतीच्या एका फोटोने आम्हा काही शिक्षकांना विचारात पाडले.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची माहिती इंटरनेटवर टाकायची होती. आम्ही शोधून महालाचा एक देखणा फोटो घेतला आणि वर लावला. तो कुणी काढला, हा प्रश्न आमच्या मनातही आला नाही. काही महिन्यांनी एका कंपनीचा ई-मेल आला. फोटोचे हक्क आमच्याकडे आहेत. परवानगीशिवाय वापरल्याबद्दल पंधरा दिवसांत पंचवीस हजार रुपये भरा, नाहीतर कोर्टात भेटू.

स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणाला, "फोटो काढून टाका आणि गप्प बसा. नगरला कोण येतंय विचारायला?" दुसरा म्हणाला, "शाळेच्या इज्जतीचा सवाल आहे, वर्गणी काढून पैसे भरून टाका." पहिल्याच्या बोलण्यात बेफिकिरी होती, दुसऱ्याच्या बोलण्यात भीती. आमच्या हातून कुणाचा हक मारला गेला का, हे दोघांनीही विचारले नाही.

मकबरा सगळ्यांचा आहे. त्याचा फोटो काढायला कायद्याची आडकाठी नाही. पण फोटो काढणारा भल्या पहाटे डोंगर चढला, उजेडाची वाट पाहत बसला. ती मेहनत त्याची. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे त्यावर हक्क राहतो. वर्गात शिकवताना शिक्षकाने असा फोटो दाखवला तर कायदा सूट देतो. पण स्नेहसंमेलनाची जाहिरात म्हणजे वर्ग नव्हे. परीक्षेत कॉपी करू नका, असे मुलांना रोज बजावणारे आम्ही, आमच्या बाबतीत मात्र "उघड्यावर होते, म्हणून घेतले" असे म्हणत होतो. उघड्यावर असलेली वस्तू बेवारस असतेच असे नाही.

आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा फरक केला जातो. अल्लाहच्या हकात कसूर झाली तर तौबेचा दरवाजा उघडा आहे. बंद्याचा हक मारला तर तो परत करावा लागतो किंवा त्याच्याकडूनच माफी घ्यावी लागते. कुणी म्हणेल, हाताला न लागणाऱ्या वस्तूवर कसला हक? आपल्या उलेमांमध्येही यावर मतभेद झाले. उपखंडातील मुफ्ती मुहम्मद शफी यांना असा हक मान्य नव्हता. त्यांचेच पुत्र मुफ्ती तकी उस्मानी यांनी तो मान्य केला. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही 1988 मध्ये कुवेतच्या बैठकीत लेखन, शोध आणि व्यापारी नावावरील हक्कांना शरियतच्या दृष्टीने मान्यता दिली.

मग मागितले तेवढे भरायचे का? इथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हक सांगणारा प्रत्येकजण हकदार असतोच असे नाही. अमेरिकेच्या छायाचित्रकार कॅरोल हायस्मिथ यांनी आपले हजारो फोटो तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी देऊन टाकले होते. तरी त्यांनीच काढलेला फोटो त्यांच्याच संस्थेने वापरला म्हणून 120 डॉलरची मागणी त्यांच्याकडे आली. 2016 मध्ये त्या कोर्टात गेल्या, पण त्यांचे कॉपीराइटचे मुद्दे टिकले नाहीत. आपल्याकडेही 2025 मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने काही सेकंदांच्या चित्रफितींसाठी 40 लाखांहून अधिक रुपये मागितल्याचे मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीरपणे सांगितले. आपण हक्काचेच रक्षण करत आहोत, असे संस्थेचे म्हणणे होते. हक्क खरा असला तरी त्याची किंमत वाजवी आहे का, हा सवाल वेगळाच राहतो. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दाद मागण्याची सोय आपल्या कायद्याच्या कलम 60 मध्ये आहे, ती उगाच नाही.

आम्ही शेवटी फोटो काढला आणि उत्तर लिहिले. चूक आमची आहे, ती कबूल. फोटो कुणी काढला, त्याचे नाव कळवा. त्याने तुम्हाला हक्क दिल्याचा कागद दाखवा. असा फोटो रीतसर घेतला असता तर किती पैसे पडले असते, तेही सांगा. वाजवी रक्कम आम्ही देऊ. उत्तरात पुन्हा तीच रक्कम आणि तीच धमकी आली. नाव नाही, कागद नाही.

आम्ही आपसात वर्गणी काढून थोडी रक्कम बाजूला ठेवली आहे. शाळेच्या पैशाला हात लावला नाही, कारण चूक शाळेची नव्हती, आमची होती. धमकीला भिऊन आम्ही ती कंपनीला देणार नाही. धमकी आली म्हणून ती खिशातही परत घालणार नाही. मागणाऱ्याच्या उद्धटपणाने आमचे कर्ज फिटत नाही. ते ज्या माणसाचे आहे, त्याचे नाव अजून आम्हाला कळलेले नाही. सलाबतखानाचे नाव त्याच्याच मकबऱ्यावरून लोकांनी पुसले. त्याच मकबऱ्याचा फोटो काढणाऱ्याचे नाव आमच्या हातून पुसले जाऊ नये, म्हणून शोध चालू आहे.