देवीचा भोग आणि विधवेचे ताट

नवरात्रात महाराष्ट्रातली अनेक घरे साबुदाणा आणि वरीच्या तांदळावर दिवस काढतात. त्याच दिवसांत कोलकात्यात मासळीबाजार आणि मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागलेल्या असतात. देवीच्या सणात हे चालते कसे, असा प्रश्न मराठी माणसाला पडतोच. बंगाली घराला तो पडत नाही. कारण पवित्र काय आणि अपवित्र काय, हे तिथे पदार्थ पाहून ठरत नाही. तो कोणासाठी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या भावनेने रांधला, यावरून ठरते.

दुर्गापूजेतला अष्टमीचा दिवस पाहा. सकाळी उपाशीपोटी पुष्पांजली वाहायची आणि मग घरी लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, हरभऱ्याची छोलार डाल, बटाट्याचा आलूर दम. कांदा-लसूण त्या दिवशी स्वयंपाकघरात फिरकत नाही. मंडपात भोगाची खिचडी शिजत असते. तिच्यासाठी मुगाची डाळ आधी कोरडीच भाजतात. मंद आचेवर, हात न थांबवता, ती तांबूस होऊन खमंग वास सुटेपर्यंत. मग गोविंदभोग तांदूळ, आले, जिरे, तमालपत्र आणि वरून तूप. सोबत भोपळा, वांगे, मुळा, बटाटा यांची पांच फोडण हा पाच मसाल्यांचा मेळ घातलेली लाब्रा नावाची भाजी, टोमॅटोची गोड चटणी आणि पायेश म्हणजे खीर. रांधणारा यातले काहीही चाखून पाहत नाही. मिठाचा अंदाज हाताला असावा लागतो, कारण पहिला घास देवीचा.

नवमीला अनेक घरांत मटण शिजते. कालीपूजेत तर ते थेट देवीपुढे जाते. जिथे बळीची प्रथा आहे, तिथे त्या बोकडाचे मटण कांदा-लसूण न घालता हिंग, आले, जिरे, धने आणि दह्यात रांधतात, आणि घरातले लोक त्याला सरळ ‘निरामिष मांग्शो’, म्हणजे शाकाहारी मांस, म्हणतात. बाहेरच्याला हा विरोधाभास वाटेल, पण या घरांच्या लेखी देवीने स्वीकारले ते शुद्ध झाले. मराठी वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. कोकणात कितीतरी घरांत गणपतीला मोदक आणि त्याच मखराशेजारच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मध्ये तेवढा पडदा धरला जातो.

या मोकळीकीच्या मुळाशी एक श्रद्धा आहे. बंगालची दुर्गा महिषासुरमर्दिनी आहे, तशीच ती सासरहून चार दिवसांसाठी माहेरी आलेली उमा आहे, लेकरांना घेऊन आलेली. माहेरवाशिणीला घरात जे शिजते ते वाढायचे असते. दशमीला अनेक जुन्या घरांत तिला पांता भात म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात आणि अळूची भाजी देऊन निरोप देतात. त्यामागची लोककथा सांगते की, माहेरी काय जेवलीस असे शिवाने विचारले तर गरीब नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तिला हेच साधे जेवण सांगता यावे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत ईश्वर निर्गुण असेल. या स्वयंपाकघरात मात्र देवीला भूक आहे, आवडनिवड आहे आणि नवऱ्याचे मन जपण्याची काळजीही आहे.

म्हणूनच एकाच देवतेचा नैवेद्य घरोघर बदलतो. सरस्वतीपूजेला पूर्व बंगालातून आलेली अनेक कुटुंबे इलिश माशांची जोडी आणतात, तिला हळद-शेंदूर लावून मगच चिरतात. पश्चिम बंगालच्या घरांत त्याच रात्री बटाटे, लहान वांगी, शेंगा असे सारे न चिरता अख्खेच शिजवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी शीतला षष्ठीला गारच खातात. त्या दिवशी चूल पेटत नाही आणि पाट्या-वरवंट्याची पूजा होते. दोन्ही घरे स्वतःला तितकीच धार्मिक मानतात आणि दोघांचेही खरे आहे.

पण पदार्थाला इतकी मोकळीक देणारी ही परंपरा माणसाच्या बाबतीत मात्र कठोर झाली. कोलकात्याच्या जमीनदार राणी रासमणींनी दक्षिणेश्वरचे कालीमंदिर बांधले, तेव्हा त्या शूद्र मानल्या जाणाऱ्या कैवर्त समाजाच्या म्हणून तिथे देवीला शिजवलेल्या अन्नाचा भोग चढवायला पंडितांनी हरकत घेतली. रामकुमार चट्टोपाध्याय, म्हणजे रामकृष्ण परमहंसांचे थोरले बंधू, यांनी तोड सुचवली: मंदिर आधी ब्राह्मणाला दान करावे. तेव्हा कुठे 1855 साली प्रतिष्ठापना झाली. भक्ती राणींची, पैसा राणींचा, आणि भात मात्र त्यांच्या नावाने देवीपर्यंत पोचू शकत नव्हता.

याहून मोठा अन्याय घरातच झाला. उच्चवर्णीय बंगाली विधवेला मासा बंद, कांदा-लसूण बंद, मसुराची डाळसुद्धा बंद. एकादशीला निर्जळी उपास, मग ती विधवा दहा वर्षांची का असेना. तिची चूल वेगळी, भांडी वेगळी. समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या झुंजीमुळे 1856 मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी ताटावरची बंधने पुढे कित्येक पिढ्या टिकली. केळफुलाचा घंटो, धोकार डालना, शुक्तो असे आज बंगालच्या अभिमानाचे जे शाकाहारी पदार्थ आहेत, त्यांतल्या अनेकांवर याच वेगळ्या चुलीचा हात फिरलेला आहे. इतके नाकारल्यावर उरलेल्या मोजक्या जिनसांतून त्या बायकांनी चव घडवली. तिचे कौतुक व्हायलाच हवे, पण त्या कौतुकाने बंधन पवित्र ठरत नाही.

इथेच मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. अष्टमीला सगळे घर आपखुशीने मासा सोडते, तेव्हा तो त्याग असतो. तेच जेवण एका बाईवर जन्मभर लादले, की ती शिक्षा होते. ताटातले पदार्थ दोन्हीकडे सारखेच आहेत. फरक आहे तो इच्छेचा. अर्पण करणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा नसेल, तर त्या अर्पणाला धर्म म्हणता येणार नाही.

हे शहाणपण बाहेरून आणायची गरज नाही, ते बंगालमध्येच आहे. 1901 मध्ये स्वामी विवेकानंदांनी बेलूर मठात दुर्गापूजा सुरू केली. संन्याशांना स्वतःच्या नावाने असा संकल्प सोडता येत नाही, म्हणून तो रामकृष्णांच्या पत्नी सारदादेवींच्या नावाने सोडला गेला. सारदादेवी 1886 पासून विधवा होत्या. हातातली कांकणे आणि साडीची बारीक लाल किनार त्यांनी सोडली नव्हती. त्यांच्याच इच्छेवरून त्या पूजेत पशुबळी दिला गेला नाही. ज्या समाजात विधवेची सावलीही मंगलकार्यात टाळली जाई, तिथे एका विधवेच्या शब्दावर देवीची पूजा ठरली. बेलूर मठात आजही संकल्प त्यांच्याच नावाने सोडला जातो.

तेव्हा घर कोलकात्यातले असो की कोल्हापुरातले, आजीचे किंवा काकूचे ताट तिथे अजून रीत म्हणून वेगळे वाढले जात असेल, तर येत्या सणाला आधी तिला विचारा की तिला काय खायचे आहे. ती सांगेल ते रांधा आणि सगळ्यांच्या पंगतीत तिला वाढा.