गुप्तता विकत घ्यावी लागते

तरुण मुलंमुली प्रजनन आरोग्याच्या सरकारी सेवा का वापरत नाहीत, या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर असतं: जनजागृती कमी पडते. मग पोस्टर छापली जातात, शाळेत व्याख्यान होतं, आशाताईंना आणखी एक रजिस्टर मिळतं. जागृती हवीच. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पाळी चुकण्याचा अर्थ कळत नाही, असं आज कोण म्हणेल? ती जे करत असते त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. दवाखान्यात गेल्यानं काय मिळेल आणि घरी कळलं तर काय गमवावं लागेल, याचा ती हिशेब करते. बहुतेक वेळा तो हिशेब चुकीचा नसतो, हीच खरी अडचण आहे.

कागदावर सोयी बऱ्याच आहेत. 7 जानेवारी 2014 रोजी केंद्र सरकारनं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत स्वतंत्र सल्ला-केंद्र असावं, अशी त्यात तरतूद आहे. महाराष्ट्रात ही केंद्रं ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखली जातात. पाळीच्या तक्रारी, रक्तक्षय, जंतुसंसर्ग, गर्भनिरोधन, मनावरचा ताण, या सगळ्यांसाठी समुपदेशक तिथे असणं अपेक्षित आहे. प्रश्न त्या खोलीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा आहे.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली सकाळची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. कॉलेजची वेळ हीच, एसटीची वेळही हीच. केसपेपरच्या खिडकीशी रांग असते. आतून प्रश्न येतात: नाव, गाव, वय, काय होतंय, मिस्टरांचं नाव? मागे गावातलीच कुणीतरी काकू उभी. अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी अशा वेळी ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगते. केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि ती पित्ताच्या गोळ्या घेऊन परत जाते. पुन्हा ती येत नाही. नोंदींमध्ये मात्र एक रुग्ण तपासल्याची भर पडते.

पुढचा अडसर तपासणीच्या टेबलाशी असतो. ‘लग्न झालंय का?’ या प्रश्नातून डॉक्टरांना शरीरसंबंधांविषयी जाणून घ्यायचं असतं, पण तो विचारला जातो चारित्र्याच्या सुरात. मुलगी ‘नाही’ म्हणते आणि तपासणी तिथेच थांबते. पोटात दुखणाऱ्या अविवाहित मुलीची गर्भधारणा चाचणी राहून गेली आणि गर्भ नलिकेत वाढत असला, तर ते जिवावर बेतू शकतं. सभ्यपणा सांभाळण्याच्या नादात इथे वैद्यकीय चूक घडते.

ही कोंडी फक्त अविवाहितांची आहे असंही नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के होत्या. संसारी, लेकुरवाळ्या बायकाही हे दुखणं अंगावर काढत होत्या. आईनंच जे कधी बोलून दाखवलं नाही, ते मुलीनं अनोळखी डॉक्टरसमोर बोलावं ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

मुलग्यांची गोष्ट आणखी दुर्लक्षित आहे. मैत्री क्लिनिक म्हणजे मुलींच्या लोहाच्या गोळ्या आणि पॅड, असा त्यांचा समज असतो आणि तो खोडून काढायला फारसं कुणी जात नाही. ‘धातू जाते’, ‘कमजोरी येते’ ही भीती घेऊन मुलगा जातो तो भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीमागच्या वैदूकडे. हस्तमैथुनानं काही बिघडत नाही, हे एक वाक्य ऐकायला मिळालं असतं तर त्याचे पैसेही वाचले असते आणि झोपही. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यात वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली. वाचक तेव्हा पत्रातून विचारत होते, आज मुलं मोबाइलला विचारतात. विचारणारा चेहरा दिसत नसेल तिथे प्रश्न मोकळेपणानं येतात, हे तेव्हाही खरं होतं.

आता कायद्याकडे वळू. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे; तिची संमती ग्राह्य नाही. कलम 19 प्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना खबर देण्याचं बंधन आहे. डॉक्टरही त्यातून सुटत नाही. अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. शोषण रोखण्याचा या कायद्याचा हेतू निर्विवाद आहे. पण सतरा वर्षांची मुलगी आणि तिचा अठरा-एकोणीस वर्षांचा मित्र यांच्या दृष्टीनं दवाखान्याचं दार आणि पोलीस ठाण्याचं दार एकच होऊन बसतं.

लग्न झालेल्या अल्पवयीन मुलीही यातून सुटत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातल्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. ऊसतोडीच्या पट्ट्यात मजुरी जोडप्याला, म्हणजे ‘कोयत्या’ला मिळते, लग्नाची घाई होण्यामागे हेही एक कारण असतं. अशा मुलीला दिवस गेले की घरचे वय वाढवून सांगतात, नोंदणी लांबवतात किंवा सरकारी दवाखानाच टाळतात. जिला सगळ्यात लवकर तपासणीची गरज, ती सगळ्यात उशिरा पोहोचते.

सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात ही कोंडी ओळखली. चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या नियमातून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही, असं सांगताना न्यायालयानं आणखी एक मोलाची सवलत दिली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली, तर पोलिसांना खबर देताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल तालुक्याच्या दवाखान्यातल्या प्रत्येक डॉक्टरला आणि सिस्टरला तोंडपाठ असायला हवा.

‘मुलांच्या लपवाछपवीला सरकारनंच खतपाणी घालायचं का?’ असं पालक विचारतात. ही चिंता खरी आहे आणि तिला मान द्यायला हवा. शक्य तिथे आईवडिलांना विश्वासात घ्यावंच. चांगला समुपदेशक त्याच दिशेनं प्रयत्न करतो. पण अत्याचार करणारा घरातलाच असेल तर? अशी मुलगी बाहेरच्या कुणाशी एकटीनं, निर्धास्तपणे बोलू शकली तरच अत्याचार उघडकीला येईल. गुप्ततेची हमी असली तर शोषण दडपलं जातं, हा समज उलटा तपासून पाहायला हवा. बोलायला जागाच नसते तिथे शोषण वर्षानुवर्षं दडून राहतं.

गुप्तता आपल्याकडे मिळतच नाही असं मात्र नाही. पैसेवाल्या घरातली मुलगी दुसऱ्या शहरात जाते, खासगी दवाखान्यात वेळ घेते आणि आठवड्याभरात कॉलेजात परत येते. शेतमजुराच्या मुलीकडे एसटीचं भाडं नसतं, दिवसभर बाहेर राहायला सबब नसते. ती मेडिकलमधून कुणीतरी आणून दिलेल्या गोळ्या मात्रा न कळता घेते, रक्तस्राव थांबला नाही की मग दवाखाना गाठते. दोघींची गरज सारखीच. एकीला गुप्तता विकत घेता आली, दुसरीला नाही. सार्वजनिक आरोग्यसेवेनं भरून काढायची दरी असेल तर ती हीच.

त्यासाठी नवी इमारत लागत नाही. केसपेपरच्या खिडकीवर तक्रार आणि नवऱ्याचं नाव विचारू नये. ते आत, दार लावून विचारावं. मैत्री क्लिनिक दुपारनंतर, कॉलेज सुटल्यावर उघडं असावं. समुपदेशकांची पदं भरलेली असावीत आणि त्यांत पुरुषही असावेत. घरी फोन करण्याआधी रुग्णाला विचारावं. जवळपासच्या वयाच्या मुलामुलींमधल्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वेगळं काढण्याचा विचार संसदेनं करावा. आणि क्लिनिकचं यश मोजताना किती मुलं आली एवढंच न पाहता, आलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले हेही पाहावं. पहिल्यांदा माणूस नाइलाजानं येऊ शकतो. दुसऱ्यांदा तो येतो तेव्हा त्यानं आपल्यावर विश्वास टाकलेला असतो.