बाण करणारा आणि बाण सोडणारा



अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक बाण करणारा कारागीर आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही गोष्ट आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली असते. बाण सरळ करण्यात तो एवढा गढून गेला, की शेजारून राजा गेला तरी त्याला पत्ता नाही. चित्त असं एकाग्र हवं! मीही वर्षानुवर्षं मान डोलावत आलो. पण पन्नाशीत धनुष्य हाती घेतलं, आणि या गोष्टीपाशी मी अडलो.

अंबरनाथच्या बाहेर एका माळावर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण बांबूच्या धनुष्याने शिकतो. स्पर्धेत या धनुष्याला 30 आणि 50 मीटरचं अंतर असतं. आम्हां नवशिक्यांना दहाच. तेही पुष्कळ होतं. पहिला महिना दोरीचा फटका कोपराखाली बसून हात काळानिळा. मग हळूहळू पाय ठरले, खांदा खाली आला, दोरी दर वेळी हनुवटीला एकाच जागी टेकू लागली. आणि एका रविवारी ठिपक्याखेरीज सगळं नाहीसं झालं. गाडीचा भोंगा नाही, ऊन नाही. खरं सांगतो, मला धन्य वाटलं.

"थांबा! बाण उतरवा!" हे मला दुसऱ्या हाकेला ऐकू आलं म्हणे. पाट्यामागून सात-आठ वर्षांचं एक पोरगं चेंडू घेऊन पळत होतं.

सरांनी विचारलं, "काय दिसत होतं?"

"फक्त ठिपका," मी म्हणालो. अर्जुनाचं उत्तर दिल्याचा थोडा तोराही असेल आवाजात.

"म्हणजे तुम्ही आंधळे झाला होतात."

त्या रात्री झोप लागली नाही. अर्जुनाला पक्ष्याचं डोकंच दिसलं, हे खरं. पण महाभारतातला तो पक्षी कारागिरांनी बनवलेला, झाडावर मुद्दाम बसवलेला होता. परीक्षा होती, गुरू पाठीशी उभे होते. दशरथाच्या पाठीशी कोणी नव्हतं. अंधारात घागर भरल्याचा आवाज आला, त्याला हत्ती वाटला, बाण सुटला. नेम चुकला नाही, हेच त्याचं दुर्दैव.

मग ध्यानात आलं, की अवधूताने गुरू केला तो बाण करणारा. बाण सोडणारा चोवीसांत नाहीच. आपल्या शिवमंदिराच्या भिंतींवर 1060 च्या सुमारास ज्यांनी छिन्नी चालवली, त्यांनी मान वर केली नसेल तरी कोणाचा जीव गेला नाही. दोरी ओढलेल्या माणसाला ती सवलत कशी द्यायची? मुंडकोपनिषद ओंकाराला धनुष्य म्हणतं, आत्म्याला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य. पण वेध घेणाऱ्याला ते 'अप्रमत्त' राहायला सांगतं, म्हणजे सावध. हा शब्द मी आजवर एकाग्रतेतच धरत होतो. घरात जपाला बसल्यावर आतल्या खोलीतून आईची हाक ऐकू येऊनही न उठणारा मी, त्याला साधना समजत होतो. तिथे कोण पाट्यामागून पळत होतं?

तरी मन पूर्ण वळत नाही. सगळीकडे लक्ष ठेवू लागलो की बाण पाट्याबाहेर जातो, हाही अनुभव आहे. सर म्हणतात, आधी मैदान पाहा, मग ठिपका, आणि मैदान डोळ्यांच्या कडेला राहू द्या. बोलायला सोपं.

सध्या त्यांनी मला बाणांवर बसवलंय. वाकलेली काडी निखाऱ्यावर शेकायची, दाबून सरळ करायची, एक डोळा मिटून टोकापर्यंत पाहायची, पुन्हा शेकायची. काडी जराशी वाकडी राहिली तरी बाण भरकटतो. काम मन लावून करतो. परवा रस्त्याने वरात गेली. बँडवाल्यांनी चार गाणी वाजवली. चारही मला सांगता येतील.