वनातले दान

गोव्यातील मोले येथील भगवान महावीर अभयारण्यात, अनमोड घाटाच्या पायथ्याशी, तांबडी सुर्ल येथे श्रीमहादेवाचे कदंबकालीन देवालय आहे. मंदिर काळ्या पाषाणाचे, बाराव्या-तेराव्या शतकातले. राष्ट्रीय उद्यान धरून हे अरण्य सुमारे २४० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्या सभासदांपैकी काही कुटुंबे बेळगावाहून तेथे दर्शनास गेली होती. त्या दिवशीचा एक प्रसंग आमच्या मनातून अद्यापि जात नाही.

आमच्यातील एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी माकडांसाठी म्हणून केळ्यांचा घड मुद्दाम बरोबर घेतला होता. दर्शन झाल्यावर ते आवाराबाहेर एकेक केळे देऊ लागले. पाहता पाहता दहा-बारा माकडे जमली. घड संपला, पण माकडे हटेनात. एका सहा वर्षांच्या मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. तो हिसकताना माकडाने तिच्या मनगटाला ओरबाडले. जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि तसेच गावात येऊन लस टोचून घेतली. मुलगी सुखरूप आहे. पुढच्या सुया मात्र तिलाच सोसाव्या लागल्या, दान करणाऱ्यास नव्हे.

ते सद्गृहस्थ अत्यंत खिन्न झाले. परंतु त्यांनी आम्हाला जो प्रश्न विचारला तो सहज झटकून टाकण्याजोगा नव्हता. ते म्हणाले, “गाईला घास, मुंगीला साखर, पाखरांना दाणे हे आपण लहानपणापासून पुण्य म्हणून शिकलो. या माकडांचे रान माणसानेच तोडले. मग त्यांना चार केळी देणे हे ऋण फेडणे का नव्हे?”

ऋण आहे, यात शंका नाही. पण ते केळ्याने फिटते काय? रानातील माकड उंबर, इतर फळे, कोवळी पाने व किडे खाऊन राहते. गालाच्या पिशव्यांत फळे भरून ते दूर नेते आणि बिया थुंकून टाकते, त्यांतून नवी झाडे उगवतात. वाटेवर बसून आयते खाण्याची सवय लागली की हे काम थांबते. माणसाची भीती जाते, मोटारीखाली सापडण्याचे प्रसंग येतात, आणि शेवटी ‘उपद्रवी’ म्हणून त्यालाच पकडून नेण्याची मागणी होते. म्हणजे दया आम्ही करावी आणि शिक्षा त्याने भोगावी.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि पुढच्या वर्षी सिंधुदुर्गातील दोडामार्गात आढळला. तो बारीक गोचिडांमुळे होतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. मार्गशीर्ष ते वैशाख हा त्यांचा काळ, आणि आपल्या सहलींचाही तोच! म्हणून पाचोळ्यावर सतरंजी टाकून बसू नये, अंगभर कपडे घालावेत, घरी येताच स्नान करून अंग तपासावे आणि मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता वनरक्षकास कळवावे. विस्तवाविषयी तर सांगणेच नको. मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या वनांत लागलेले वणवे विझविण्यास नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती. तरीही देवळाजवळ चूल मांडण्याचा आग्रह धरणारे भाविक भेटतात. भक्तीमुळे नियम शिथिल होतो असे त्यांना का वाटते, हे आम्हाला उमगत नाही.

आपल्या पूर्वजांच्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा उचलत नसत. रानातून काही घेऊ नये, हे आपल्याला कळते आणि ते मोडणाऱ्यास आपण बोलही लावतो. रानाला काही देऊही नये, हे मात्र पचनी पडत नाही. कारण घेण्यात लोभ उघड दिसतो, देण्यात तो दिसत नाही. माकडाने आपल्या हातून खावे, मुलांनी ते पाहावे, छायाचित्र निघावे, ही इच्छा भूतदयेची की आपल्या सुखाची? आम्ही स्वतःही पूर्वी असे हौसेने केले आहे, म्हणून हा प्रश्न प्रथम आम्हालाच लागू आहे. अंगणातील गाय आपल्या आश्रयास आहे. तिला घास न देणे हा अधर्म होय. रानातले माकड आपल्या आश्रयास नाही. उलट तेथे आपणच पाहुणे आहोत.

यंदा माघात पुन्हा जाणे झाले. ते सद्गृहस्थ या वेळीही केळी घेऊन आले होते. आम्ही काही बोललो नाही. त्यांनी पिशवीचे तोंड घट्ट बांधून ती गाडीतच ठेवली, दर्शन घेतले आणि परतताना घाट चढून गेल्यावर सर्वांना एकेक केळे वाटले. साली गोळा करून त्यांनी बेळगावास नेल्या. त्या मुलीला त्यांनी दोन केळी दिली.